खोली, रस्ता आणि स्वयंपाकघर

महिनाअखेरीला आमच्या वाचकगटात चार डिटेक्टिव्ह कथांवर तुलना करत बोलायचं कबूल करून बसलोय. एडगर ॲलन पोची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’, कॉनन डॉयलची ‘द स्पेकल्ड बँड’, शरदिंदु बंद्योपाध्यायांची ‘पथेर काँटा’ आणि सुझन ग्लास्पेलची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’. सलग लेख काही होईना, टिपणं मात्र साठत चाललीत. यांची रहस्यं फोडल्याशिवाय यांच्याबद्दल बोलता येत नाही. ज्यांनी वाचल्या नसतील त्यांनी आधी वाचून यावं, नाहीतर रागवायच्या तयारीने पुढे यावं.

*

पहिला प्रयत्न तक्त्याचा. वहीचं पान मधोमध दुमडलं, डावीकडे साम्य, उजवीकडे भेद, अगदी नववीच्या उत्तरपत्रिकेसारखं. साम्य: पो आणि डॉयल, दोघांकडे बंद खोली. दोघांकडे प्राणी. दोघांकडे गोष्ट सांगणारा भाबडा मित्र. भेद: पॅरिस आणि सरे, वानर आणि साप. पान भरलं आणि लक्षात आलं, हापूस आणि रायवळची तुलना करताना ‘दोन्हींना कोय असते’ असं लिहून मी मोकळा झालोय. पान फाडलं.

*

पोची गोष्ट एप्रिल १८४१ची, फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये आली. लंडनच्या पोलिसांत तपासाची वेगळी शाखा निघाली ती १८४२ साली. म्हणजे खात्याच्या आधी गोष्ट आली. पो पॅरिसला कधी गेलाच नव्हता, आणि सबंध गोष्टीत ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द नाही.

सुरुवातीला बुद्धिबळ मोठं की ड्राफ्ट्स, यावर लांबलचक प्रवचन आहे. ते सहन करावं लागतं.

*

पण त्या प्रवचनानंतर काय बहार आहे! मायलेकींचा खून झालाय. चौथ्या मजल्यावरची खोली आतून बंद. लेकीचं प्रेत धुराड्यात खालून वर, उलटं कोंबलेलं. चार हजार फ्रँक तसेच पडलेले. जिना चढताना शेजाऱ्यांनी दोन आवाज ऐकले. एक घोगरा, तो फ्रेंच माणसाचा, याबद्दल एकमत. दुसरा चिरका. चिरक्या आवाजाबद्दल प्रत्येक साक्षीदाराची जबानी आपण वर्तमानपत्रात वाचतो. शिपाई म्हणतो, स्पॅनिश होता. डच माणूस म्हणतो, फ्रेंच; त्याला स्वतःला फ्रेंच येत नाही. इंग्रज शिंपी म्हणतो, जर्मन. त्याला जर्मन येत नाही. स्पॅनिश माणसाला ती इंग्रजी वाटली, इटालियनाला रशियन. जो तो आपल्याला न कळणाऱ्या भाषेचं नाव घेतो.

पोलिसांना यात गोंधळ दिसतो. पोचा तपास करणारा नायक द्युपँ, त्याला यात उत्तर दिसतं: कुणालाच ती भाषा कळली नाही, कारण ती भाषाच नव्हती.

जबान्यांचं ते दीड पान मी तीनदा वाचलं. परका म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो. रात्री जिन्यात काही भयंकर ऐकू आलं की माणूस ते आपोआप परक्याच्या खात्यात टाकतो. पोला हे म्हणायचं होतं का, मला माहीत नाही. पण ते पानावर आहे. मुंबईच्या कुठल्याही चाळीत रात्री भांडण झालं तर सकाळी नळावर याच जबान्या मिळतील.

*

पोची लबाडी नोंदवून ठेवायला हवी. खिडकी खिळ्याने पक्की बंद होती, असं आपल्याला सांगितलं जातं. खिळा आत मोडलेला होता, डोकं नुसतं टेकून बसलं होतं, हे द्युपँ शोधतो आपल्या पाठीमागे आणि सांगतो नंतर. मुठीतले केसही तसेच, उशिरा खिशातून काढलेले. वाचकाला बरोबर न्यायचं, ही चाल अजून पडलेली नाही. पो वाचकाला जादूगाराचा प्रेक्षक समजतो, आणि जादूगार टोपी आधी दाखवत नसतो.

शिवाय खुनी म्हणजे बोर्निओहून आणलेला ओरांगउटान, मालकाची दाढी बघून वस्तरा फिरवायला शिकलेला. हेतू नाही, द्वेष नाही, वारसा नाही. अपराधकथेच्या पहिल्याच गोष्टीत अपराधी कुणीच नाही! हे कौतुकाने सांगावं की तक्रार म्हणून, अजून ठरत नाही. आज तरी तक्रार.

*

‘द स्पेकल्ड बँड’, फेब्रुवारी १८९२, ‘स्ट्रँड’. डॉयलने १९२७ साली आपल्या आवडत्या बारा होम्सकथांची यादी केली, तिच्यात ही पहिली.

खरं तर होम्सपेक्षा गोष्टीचं नाव जास्त हुशार आहे. सापाला बळी पडलेली ज्युलिया मरताना जे बोलते त्यात ‘बँड’ हा शब्द आहे. इंग्रजीत बँड म्हणजे पट्टा, आणि बँड म्हणजे टोळी. बंगल्याच्या आवारात भटक्यांची टोळी उतरलेली, त्यांच्या डोक्याला ठिपक्याठिपक्यांचे रुमाल. होम्स आधी त्या वाटेने जातो आणि चुकतो. शेवटी स्वतः कबूलही करतो. सगळा चकवा एका शब्दावर उभा आहे.

आता हे मराठीत आणा. ‘ठिपक्यांचा पट्टा’ म्हटलं की टोळी गेली. ‘टोळी’ म्हटलं की साप गेला. दोन्ही अर्थ पेलणारा शब्द शोधत बसलो तर ‘फळी’ सापडला. आघाडीची फळी असते आणि शेल्फची पण असते. पण फळीसारखा साप कुणी पाहिलाय? दिला सोडून.

*

त्याहून मोठी पंचाईत म्हणजे मराठी वाचक. आमची आत्या राजापूरची. लहानपणी सुट्टीत तिला ही गोष्ट मी रंगवून सांगत होतो: मुलगी रात्री अंथरुणात मेली, दार बंद, अंगावर जखम नाही, मरताना काहीतरी पट्ट्याबद्दल बोलली. आत्या ओल्या काजूगराची सालं काढत होती. मान वर न करता म्हणाली, “मण्यार असेल.” मी म्हटलं, “अगं आत्या, अजून होम्स पोचायचाय!” ती म्हणाली, “त्याला येऊ दे सावकाश. अंथरुणात चावते ती मण्यारच.”

तिचं बरोबर होतं. मण्यार रात्री फिरते, निजलेल्या माणसाला चावते, दंश पुष्कळदा कळतही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ज्याच्या बोलण्यात रोज असतात त्याच्यापुढे ही गोष्ट दुसऱ्या पानावर संपते. डॉयलचा साप मात्र ‘स्वॅम्प ॲडर’ नावाचा, हिंदुस्थानातला सर्वांत जहाल म्हणे. या वर्णनाचा साप हिंदुस्थानात नाही. तो बशीतलं दूध पितो (नागपंचमीला आपणही हेच समजतो, तेव्हा हसायला नको). तो शिट्टी ऐकून दोरावरून परत वर चढतो. सापाला बाहेरचे कान नसतात, हवेतला आवाज त्याला जेमतेमच जाणवतो.

एवढं सगळं कळूनही त्या रात्रीचं वर्णन वाचताना मी पाय वर घेऊन बसतो. अंधारात दोन माणसं बसलीत, दिवा नाही, बोलायचं नाही, मधूनमधून घड्याळाचे टोले. समीक्षकाने शास्त्र तपासावं, पण पाय वर घेतले होते हे लपवू नये.

*

डॉयल पोपेक्षा प्रामाणिक आहे, हे मात्र नक्की. न वाजणारा घंटेचा दोर, बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका, जमिनीला जखडलेला पलंग, लोखंडी तिजोरी, तिच्यावर दुधाची बशी, फास केलेला चाबूक. सगळं होम्सबरोबर आपणही पाहतो. वस्तू समोर मांडलेल्या, फक्त जोडायच्या. पुढच्या पिढीने वाचकाशी सचोटीचे जे नियम केले, त्यांचं मूळ अशा खोल्यांत आहे.

*

होम्स मृत्युपत्र बघून येतो तो परिच्छेद मी आधी उडवत असे. यंदा पेन्सिल घेऊन थांबलो. ज्युलिया आणि तिची बहीण हेलन यांच्या आईच्या ठेव्याचं उत्पन्न तिच्या मृत्यूच्या वेळी वर्षाला अकराशे पौंडांच्या आसपास होतं. शेतमालाचे भाव पडले आणि ते साडेसातशेवर आलं. लग्न झालं की प्रत्येक मुलीला अडीचशे द्यायचे. दोघींची लग्नं झाली तर सावत्र बापाच्या हाती उरणार अडीचशे. ज्युलिया मेली ती लग्नाला पंधरा दिवस उरले असताना.

अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्यावर १८७०नंतर इंग्लंडच्या शेतीचं कंबरडं मोडलं होतं. तो साप झरोक्यातून उतरतो त्याच्या मागे गव्हाचा भाव आहे. एवढा खरा हेतू असलेल्या गोष्टीला एवढा खोटा साप! पोकडे नेमकं उलट: वानर पटतं, हेतू नाही.

*

आणि त्याच गोष्टीतलं एक वाक्य. तो सावत्र बाप, डॉक्टर रॉयलॉट, कलकत्त्याला प्रॅक्टिस करत असे. घरात चोऱ्या झाल्या, संतापाच्या भरात त्याने आपल्या देशी खानसाम्याला बडवून ठार मारलं. फाशीतून थोडक्यात वाचला, बरीच वर्षं तुरुंगात काढली. हेलन हे सांगते, वॉटसन लिहून घेतो, आणि गोष्ट पुढे जाते. रॉयलॉट तापट आहे, एवढं कळण्यापुरता तो खून.

तक्ता केला असता तर हे कुठल्या रकान्यात गेलं असतं? गोष्टीत दोन खून आहेत. एकाच्या तपासासाठी ट्रेन पकडून माणसं लंडनहून येतात. दुसरा स्वभाववर्णनात जमा होतो. होम्सला हेलनच्या बाहीवरचे चिखलाचे शिंतोडे दिसतात, त्यावरून ती डॉग-कार्टमधून आली हे कळतं. खानसाम्याबद्दल तो एक प्रश्न विचारत नाही.

*

मधेच एक आठवण. आपल्याकडे डिटेक्टिव्ह कथेची ही जात लघुकथेत फार रमली नाही. बाबूराव अर्नाळकरांची हजारावर पुस्तकं, भाड्याच्या लायब्ररीतून रोज एक आणायचं, झुंजार, काळा पहाड. त्यांत पाठलाग भरपूर, वेषांतर भरपूर. वस्तू समोर मांडून वाचकाला कोड्यात बसवायची घाई नाही. त्यांची तुलना या चौघांशी करणं अन्यायाचं होईल. कुस्ती आणि बुद्धिबळ.

*

कलकत्ता. ‘पथेर काँटा’ १९३२ची. खोली नाहीच! खून होतात ते भर रस्त्यात, गर्दीत, सगळ्यांच्या देखत. चालता चालता माणूस कोसळतो. आधी वाटतं हृदय बंद पडलं, मग छातीत ग्रामोफोनची पिन सापडते. एक जण वाचतो, कारण पिन खिशातल्या घड्याळावर बसली. बंदूक कुणी पाहिली नाही, आवाज कुणी ऐकला नाही. ती सायकलच्या घंटीत होती. घंटी वाजली की माणूस दचकून बाजूला होतो, घंटीकडे बघत नाही.

ग्रामोफोनची पिन आणि सायकलची घंटी! शरदिंदुबाबूंनी बोर्निओ-बिर्निओ काही गाठलं नाही. त्या काळच्या कलकत्त्यात घराघरांत आणि गल्लीगल्लीत जे वाजत होतं तेच उचललं. बंद खोलीवाल्यांना भिंती लागतात. याला नुसती वर्दळ पुरते. मला ही युक्ती तिन्हींत सर्वांत आवडते, सापापेक्षा कितीतरी.

*

खुनी गिऱ्हाईक मिळवतो ते छापील जाहिरातीतून. वाटेतला काटा काढून हवा असेल तर अमक्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहा. शरदिंदुबाबूंचा नायक व्योमकेश वर्तमानपत्रात आधी जाहिराती वाचतो. खरी बातमी तिथे असते, असं त्याचं मत. द्युपँही वानराच्या मालकाला, एका खलाशाला, जाहिरात देऊनच घरी बोलावतो. पण पोकडे जाहिरात हे तपास करणाऱ्याचं हत्यार आहे, इथे ती खुन्याची पाटी झाली. नव्वद वर्षांत जाहिरातीने बाजू बदलली.

हेतूसुद्धा इथे भाड्याने मिळतो. द्वेष तुमचा, पिन आमची.

*

व्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलं आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. मराठीत आपण ‘गुप्तहेर’ म्हणून मोकळे होतो. पण हेर म्हणजे शत्रूच्या गोटात शिरणारा, बहिर्जी नाईक. द्युपँ तर संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडत नाही, तो कसला हेर! ‘सत्यान्वेषी’ बंगालीतून उचलायला हरकत नव्हती. नाहीतरी त्याचा जनक पुण्याचाच झाला होता: शरदिंदुबाबू १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले, १९५२ला पुण्यात स्थायिक झाले, आणि नंतरच्या कितीतरी व्योमकेशकथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. आपण मात्र त्याला ओळखायला लागलो १९९३मध्ये, दूरदर्शनवर, रजित कपूरच्या चेहऱ्याने.

*

चेस्टरटनची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१९११च्या संग्रहातली) इथे जोडावी का? दारावर चौघांचा पहारा, चौघेही शपथेवर सांगतात की कुणी आत गेलं नाही. पोस्टमन गेला होता. प्रेत पोत्यात घालून तोच घेऊन गेला. पोस्टमनला कुणी ‘कुणी’ समजत नाही. सायकलच्या घंटीची ही थोरली बहीण. खानसाम्याच्या टिपणाशेजारी ठेवतो.

*

ग्लास्पेल. ही मी सर्वांत उशिरा वाचली, आणि आता बाकीच्या तिघांवर बोलताना हीच मधे मधे येते.

ती आयोवात बातमीदार होती. डिसेंबर १९००मध्ये तिथे जॉन होसॅक नावाच्या शेतकऱ्याचा रात्री अंथरुणात कुऱ्हाडीने खून झाला, बायकोवर खटला चालला, त्याच्या बातम्या तिने दिल्या. बाईला शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टात रद्द झाली, दुसऱ्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. त्या खटल्यावरून तिने १९१६ला आधी नाटिका लिहिली आणि १९१७ला ही गोष्ट. तेव्हा आयोवात बायकांना ज्युरीत बसता येत नसे. गोष्टीच्या नावात ‘ज्युरी’ आहे ती यामुळे.

*

गोष्टीत नवऱ्याचा गळा दोराने आवळलाय. बायको मिनी तुरुंगात. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी हेल घर तपासायला आलेत. सोबत शेरीफची बायको आणि हेलबाई, मिनीला कपडे न्यायला. पुरुष स्वयंपाकघरात येतात, इथे काय, भांडीकुंडी, असं म्हणून वर झोपायच्या खोलीत जातात. पुरावा हवाय तो हेतूचा. बायका खाली राहतात.

साखरेच्या डब्याचं झाकण काढलेलं, शेजारी अर्धी भरलेली कागदी पिशवी. टेबल अर्धं पुसलेलं. थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, एक तेवढी शिल्लक. हे सगळं हेलबाईला दिसतं, आणि का दिसतं ते ग्लास्पेलने गोष्टीच्या अगदी सुरुवातीला सांगून ठेवलंय: बोलावणं आलं तेव्हा हेलबाईचं स्वतःचं पीठ अर्धं चाळून झालं होतं, अर्धं राहिलं होतं. काम अर्धवट टाकून उठणं तिला खुपतंय. म्हणून दुसरीच्या घरातलं अर्धवट काम तिच्या नजरेत भरतं. कोण का उठलं असेल? मधेच काय झालं असेल?

होम्सच्या निरीक्षणामागे एकशे चाळीस प्रकारच्या तंबाखूच्या राखेचा अभ्यास आहे. हेलबाईच्या निरीक्षणामागे घरी राहिलेलं पीठ आहे. तुलनेसाठी मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

कबुली देऊन टाकतो. पहिल्या वाचनात साखरेचा डबा मी ओलांडून गेलो. मला वाटलं वर्णन चाललंय. मी पुरुषांबरोबर वरच्या मजल्यावर होतो.

*

शिवणाच्या टोपलीत गोधडीचे तुकडे. सगळी शिवण नीट, एका चौकोनात दोरा वेडावाकडा पळालेला. हेलबाई सुई घेऊन ते टाके उसवते आणि नीट घालू लागते. सवयीने केलं, की पुरावा पुसला? ग्लास्पेल सांगत नाही. मग रेशमात गुंडाळून पेटीत ठेवलेला मेलेला पक्षी, मान पिरगाळलेली. पिंजऱ्याचं दार मोडलेलं. हेतू मिळाला. पेटी शेवटी हेलबाईच्या कोटाच्या खिशात जाते आणि वकिलाला काही कळत नाही.

गोधडीला धावदोरा घालायचा की गाठी मारायच्या, असा वकिलाचा थट्टेतला प्रश्न आहे. उत्तर येतं गाठीचं. इंग्रजीत ‘नॉट’ या शब्दात दोराची गाठ ऐकू येते. मराठीत गंमत अशी की ही कोटी जशीच्या तशी उतरते, लग्नगाठीसकट. डॉयलच्या ‘बँड’पाशी मराठीने हात टेकले होते. इथे काही हरवत नाही.

*

दुसऱ्या वाचनाची कसोटी लावून पाहिली. खुनी कोण ते ठाऊक आहे. आता काय उरतं? पोचं जबान्यांचं पान उरतं, बाकी गळतं. डॉयलची अंधारातली रात्र उरते, आणि खानसामा अधिक बोचतो. ‘पथेर काँटा’ची युक्ती कळली की रहस्य संपतं, पण रस्ता उरतो, कोपऱ्यावर घंटी वाजली की अजून त्या गोष्टीची आठवण होते. ग्लास्पेलची गोष्ट दुसऱ्यांदाच खरी सुरू होते.

क्रम विचारलात तर: गोष्ट म्हणून ग्लास्पेल, मग डॉयल, मग शरदिंदु. पो चौथा, मात्र तो नसता तर उरलेल्या तिघांना उभं राहायला जागा नव्हती.

*

बोलायला चाळीस मिनिटं आहेत. प्रत्येकी दहा मिनिटं असं वाटणार नाही. वीस ग्लास्पेलला देणार. गटातल्यांना निरोप: चारही गोष्टी दोन संध्याकाळींत वाचून होतात. पो आधी वाचा, ग्लास्पेल शेवटी. येताना पेन्सिल घेऊन या आणि साखरेचा डबा पहिल्यांदा येतो त्या ओळीला खूण करून आणा. तुम्ही तिथे थांबला होतात की वर गेला होतात, तेही समासात लिहा.